मांडवाखालची मतं

मतं द्यायची गोष्ट माझ्यापुढं काढू नका, डोकं फिरतं माझं. निजामाचं राज्य होतं तवा. बीडच्या कमिटीवर आमच्या गल्लीतला एक माणूस घ्यायचा होता. देशमुखाच्या घरच्या मोरीचं पाणी गल्लीच्या विहिरीत उतरायचं. त्यापायी सगळ्यांनी देशमुखाला पोटभर शिव्या घातल्या आणि त्याच्याविरुद्ध मारुती साळ्याला उभं केलं.

मतं द्यायच्या दिवशी तहसीलचा पेशकार, म्हंजे कारकून, ओरडला, "ज्याला जो पाहिजे, त्याच्या मागं जाऊन उभं राहा!"

देशमुखानं आपल्या बाजूला मांडव घातलेला, वर गार सरबत. मारुतीच्या डोक्यावर वैशाखाचं ऊन. आख्खी गल्ली मांडवात घुसली! उन्हात मारुती आणि मी, दोघंच.

शेजारच्या गणपतला मी ओरडलो, "तिकडं कावून उभा हाईस बे?"

"ऊन लई हाय की! पर मनानं मी मारुतीकडंच हाय."

पेशकारानं डोकी मोजली, मनं न्हाई. देशमुख निवडून आला.

आठ दिवसांत हाच गणपत घागर घेऊन माझ्या दारात. "विहिरीच्या पाण्याला लई घाण वास येतोय, देशमुख ऐकंना. मारुतीला सांगून कायतरी कर की."

"पाणी कशाला पाहिजे बे तुला?" मी म्हणलं. "सावली पी!"