पहिलं रिव्हॉल्व्हर

हॅलो? … हो, बंदुकांचंच दुकान… अगं छोटे, तू होय! तुझी ताईच बोलतेय… दुकानाच्या फोनवर कशी काय?… बरं, बोल पटकन, गिऱ्हाईक ताटकळलंय.

रिव्हॉल्व्हर? कुणाला?… तुला! अगं, पाल दिसली तरी खुर्चीवर चढतेस तू!… बरं बरं, नाही हसत. हे बघ, ते पर्समध्ये मावणारं, गोंडस दिसतं ना, ते नवशिक्यानं घ्यायचंच नाही… कारण जितकं हलकं, तितका झटका जास्त. मनगट धरून बसशील. जरा जड हवं, लांब नळीचं, दोन्ही हातांत नीट बसणारं… आणि आधी परवाना, मग शिकायचं… आजच? भाजी आहे का ती?

एका हातानं? एका हातानं का?… छोटे, दुसऱ्या हाताला काय झालं?

इस्त्रीनं भाजलं? त्यानं?… बोटं हलतायत का?… आणि मला म्हणालीस, जिन्यावरून पडले!

नाही गं, ओरडत नाहीये. पण तू एवढी हळू का बोलतेयस?… बाथरूममध्ये? आणि तो?… तो आवाज कसला?… बाई गं, दाराला हातोडा घालतोय?

दादा, त्या फोनवरून पोलिसांना लावा! माझ्या बहिणीचा पत्ता द्या, नवरा जिवावर उठलाय म्हणावं!… तुला नाही, दुकानातल्या दादांना. ऐक, रिव्हॉल्व्हर घाल चुलीत. खिडकी आहे ना? खाली शिंप्याच्या दुकानाचा पत्रा आहे… मावशील! टॉवेल गुंडाळ हाताला, फोड काच… कापू दे, कापू दे! दार तुटलं?… उडी मार! छोटे, उडी मार म्हणते ना!

हॅलो? हॅलो?… उतरलीस? रस्त्यावर?… तो मागून आला? त्याच खिडकीतून?… अगं, काय झालं? काय कोसळलं?

पत्रा फाटला… तो खाली शिलाई मशिनींवर पडला… नाही, आत डोकावू नकोस. रक्त किती ते नको सांगूस मला… हात हलतोय? हातोडा अजून हातातच?… मग जवळ जायचं नाही! ऐकतेयस? अॅम्ब्युलन्स मी बोलावते… हो, त्याच्यासाठी. तुझी शप्पथ, बोलावते.

माणसं दिसतायत का कुठे?… जा, त्यांच्यात जा… रड गं, रड. पण थांबू नकोस. पळता पळता रड… हॅलो?… छोटे?…