पायरीजवळची तोटी

नर्सरीत पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक काका आणि त्यांचा माळी उभे होते.

"काका, लॉन काढून खडी टाकली, झाडांच्या बुडाशी पालापाचोळा पसरला, आंघोळीचं पाणीसुद्धा बागेत वळवलं. थेंबाथेंबासाठी तुम्ही माझ्या मागे हात धुऊन लागता."

"लागणारच. टाकी काय आपोआप भरते?"

"मग पायरीजवळ ठिबकची ती एक तोटी का चालू? तिथे झाडच नाही."

"असू दे."

"चार वर्षं असू दे म्हणताय. आज बूच लावतोच."

"हात लावू नकोस! ती जागा लेकीची आहे. जाताना म्हणाली, बाबा, इथे काही लावू नका, आल्यावर मी लावेन."

"ताई येणार आहेत?"

"फोनवर 'बघू' म्हणते."

"तोवर एखादं काटक रोप लावू? पाणी फारसं मागणार नाही."

"नको रे. नुसती ओल राहू दे. माती दगडासारखी झाली, तर आल्या आल्या खणायला तिला जड जाईल."

"बरं. आणि हे खुरपं कशाला? घरी दोन आहेत की."

"तिच्या हाताला त्यांची मूठ मोठी होते."