इथं त्याला आकी म्हणतात

— खोली दाखवली म्हणजे दिली असं नाही, हे आधी डोक्यात घे. बस. त्या खुर्चीवर नको, ती उनाची, माझ्या बायकोची — तिला जाऊन चार वर्षं झाली — या स्टुलावर बस. तर तू डॉमिनिका बेटावरची. विमानतळावर शिक्का मारला आणि म्हणाले, राहा बाई बार्बाडोसात, हवं तितकं राहा. म्हणतील, त्यांना काय, त्यांच्या घरात थोडीच राहायचंय. पण माझंच दार का? अख्ख्या ब्रिजटाउनात दुसरी खोली नाही? कुणी पाठवलं तुला? पलीकडच्या ओमेटानं? का सरकारी ऑफिसातनं — म्हातारा काय करतोय ते बघून या म्हणून? बरं, पाटी बघून आलीस. पाटी मीच लावली, खरंय.

मला कळतंय तुझं. सोमवारी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं. काम हवं तर विम्याचा नंबर हवा, नंबर हवा तर ओळखपत्र, ओळखपत्राला पत्ता, आणि पत्ता म्हणजे माझी सही — सगळं येऊन अडलं माझ्याच ओट्यावर. मग मी विचारणारच. या वाडग्यात काय आहे? हिरवी साल, मोठी बी, वर नावाला गर. सांग. — केनेप. वाटलंच. बाजारात असं म्हणालीस तर बाया हसतील आणि कालची उरलेली टाकतील तुझ्या पिशवीत. इथं त्याला आकी म्हणतात. म्हण. आ-की. जमेल. जीभ वळायला वेळ लागतो, मला दोन — लोकांना दोन वर्षं लागतात म्हणे.

मी? मी इथलाच, स्पाइट्सटाउनचा. कार्डावर आहे तसं. तुमची माणसं आधीपण यायची की, शिक्क्याबिक्क्याशिवाय, फळांच्या होडीत पोत्यांमागं पडून. मळ्यावरच्या मुकादमानं गाव विचारलं की तोंडाला येईल ते सांगायची. तो लिहायचा. एकदा लिहिलं की झालं — लग्नाच्या कागदावर तेच, पेन्शनीच्या कागदावर तेच, खोडायचं कुठनं? मला कसं ठाऊक म्हणजे? कान आहेत मला. उना म्हणायची, झोपेत कुठल्या भाषेत बरळतोस रे — मी म्हणायचो, चर्चमधली असेल. एक्केचाळीस वर्षं त्या बाईनं ते खरं मानलं. चांगली होती. आणि बरळायचो काय, तर आईशी बोलायचो — ती केनेप दातानं फोडून हातावर ठेवायची, मग बिया दाखव म्हणायची, गिळली तर नाहीस ना —

काय बघतेस? आकी म्हणालो मी. आकी. तुलाच नीट ऐकू आलं नाही.

आण तो कागद. बारीक अक्षर मला लागत नाही, तूच वाच. घरमालकाचं नाव — यूस्टेस, पुढचं पाटीवर आहे. पत्ता लिहिलास? मग काय राहिलं? जन्मस्थळ. कुणाचं, माझं? भाडेकरू तू आणि जन्म माझा कशाला काढतात? तरी म्हणतो, तुला कुणीतरी पाठवलंय. सोड रिकामं. रिकामं घेत नाहीत? परत पाठवतात? आणि ऑफिस तीनला बंद, आज शुक्रवार. मग स्पाइट्सटाउन टाक. टाक की. पेन का थांबलं तुझं?

हं.

थांब. खोड ते. नवा कागद आहे ना दुसरा? त्यावर लिही — ला प्लेन. स्पेलिंग तुला येत असेल, तुमच्याच तिकडचं आहे. मला कधी लागलंच नाही. लिहिलंस? दे इकडं. — ही झाली सही. रडायचं नाही, रडणारी भाडेकरू मला चालत नाही. आणि त्यांनी मला बोलावलं तर बोलावू देत, ते माझं मी बघीन.

ऊठ आता, तीन वाजायला आलेत. ओमेटा खिडकीत असेल, तिच्याशी बोलायचं नाही. फाटकाची कडी लाव. आणि मूठभर ने यातली, वाटेत खायला — बाहेर गेल्यावर त्याला काय म्हणायचं, ते आलंय तुला.