साठ फुटांखाली

हेटी : नॉस्केकाका, बादली का येत नाहीये वर?

नॉस्के : भरलीच नाही, पोरी. दोर सैल पडलाय. कुदळही थांबलीय मघापासून.

हेटी : लिंटन! अरे, ओ तरी दे!

लिंटन : गप्प बसा वर! ऐकू द्या मला.

नॉस्के : आहे बाबा, जिवंत आहे. पण साठ फुटांखाली ऐकतोय काय?

हेटी : घरातही हेच. जेवता जेवता उठतो आणि जमिनीच्या फळ्यांना कान लावतो. युद्ध संपून तीन वर्षं झाली. माझा नवरा अजून फ्रान्सातून वर आलेला नाही.

नॉस्के : घोडदळात होता ना?

हेटी : लोक तसं समजतात. आपल्या सगळ्या विमेरा मुलखात त्याच्यासारखा विहीर खणणारा नव्हता, म्हणून त्याला भुयारात घातलं. जर्मनांच्या खाली सुरुंग पेरायला. माफ करा हं काका, तुमच्या लोकांच्या.

नॉस्के : माझे लोक! चाळीस वर्षं इथे गहू पेरतोय मी. तरी युद्धात आमच्या वस्तीचं जर्मन नाव पुसलंच की. असो. लिंटन! वरची आधाराची लाकडी चौकट वाकलीय, मागची वाळू सरकतेय. दोरात पाय घाल!

लिंटन : वाळू नाही ती. कोणीतरी ठोकतंय. तीन ठोके, मग शांत.

हेटी : तिथे कोणी नाहीये रे! माती आहे नुसती!

लिंटन : कॅप्टनही असंच म्हणाला होता.

नॉस्के : कोणता कॅप्टन? बोल, पण पाय दोरात घालून बोल.

लिंटन : मी कान लावणारा होतो, काका. अकरा दिवस ऐकलं त्यांना. आमच्या भुयाराशेजारीच खणत होते. एकजण सारखा खोकायचा. तो आला की कळायचं, पाळी बदलली. सगळे आत असताना सुरुंग उडवायचा, असा हुकूम होता. वेळ मी सांगायची.

नॉस्के : सांगितलीस?

लिंटन : खोकला ऐकला आणि म्हणालो, "आता."

हेटी : हे तू मला कधीच नाही सांगितलंस.

लिंटन : दुसऱ्या दिवशी पुन्हा कान लावला. ठोके येत होते. तीन, मग शांत. कॅप्टन म्हणाला, पाणी ठिबकतंय. मीही "हो" म्हणालो. नोंदवहीत तसं लिहून सही केली. तीन दिवस चाललं ते पाणी.

हेटी : काका, फळी तडकली! बघा, बघा!

नॉस्के : दिसतंय मला. तू रहाटाचा दांडा धर, दोन्ही हातांनी. लिंटन, कुठून येतोय आवाज?

लिंटन : माझ्या डाव्या हाताला. आता हळू झालाय. त्याला सोडून मी वर येणार नाही, काका. या वेळी नाही.

हेटी : त्याच्याशी काय बोलत बसलात! ओढा ना!

नॉस्के : कोणाला ओढू? दोरात कोणी नाही. थांब जरा.

(नॉस्के विहिरीवर वाकून जर्मनमध्ये काहीतरी ओरडतो. सावकाश, दोनदा.)

लिंटन : काय म्हणालात?

नॉस्के : म्हटलं, लेकरा, तुझं ठोकणं ऐकलं आम्ही. हा माणूस इतकी वर्षं तेच ऐकतोय. आता त्याला जाऊ दे.

(सैल दोर हळूहळू ताणला जातो.)

हेटी : लिंटन?

लिंटन : ओढा.

नॉस्के : फिरव, पोरी! जोर लाव! श्वास नंतर घे!

हेटी : हात सुटतोय माझा, काका!

नॉस्के : नाही सुटत. अजून दहा वळसे. आला, दिसला! काठाला धर, लिंटन! मनगट दे!

हेटी : देवा! सगळी चौकट गेली. नुसती वाळू झाली तिथे.

नॉस्के : सरक मागे. दोघंही मागे सरका. काठ अजून खचेल.

हेटी : पाणी पी. बघ माझ्याकडे. लागलंय का कुठे?

लिंटन : काका, त्याच्या आईला काय कळवलं असेल हो?

नॉस्के : माझा भाचा तिकडून लढत होता. बहिणीला पत्र आलं, एका क्षणात गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला.

लिंटन : खरं होतं ते?

नॉस्के : तिने ते बायबलात ठेवलंय. मी कधी विचारलं नाही.