आसरायची जागा

माहेर माहं धामणगाव रेल्वेजवळचं, अन् लगन होऊन आली थे अकोल्याच्या भायेर या गावात, तवा शहर लय दूर होतं बापा, इथं नुसती काळी जमीन अन् कपाशी. घरात तिघी जावा, चूल एकच, अन् सैपाकघराले खिडकी नाई. काय सांगू तुमाले, धुपटानं डोळ्याले धारा लागत, अन् मी पीठ मळता मळता मनातल्या मनात घर बांधत राहो, त्याले उगवतीकडं खिडकी, सकाळचं ऊन सरळ चुलीपाशी.

मंग शहरच वाढत वाढत आमच्या वावराच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत आलं. पोरं नोकरीले बाहेरगावी, ह्यायचे गुडघे गेलेले, वावर कोन पाहीन? इकून टाकलं लेआउटवाल्याले, पन ठरवूनच इकलं का एक प्लॉट आपला, आमच्या निंबाजवळचा, उगवतीच्या तोंडाचा. म्याच निवडला थो. त्या निंबाखाली सात आसरा होत्या, शेंदूर लावलेले दगड, पान्याच्या देवी त्या, माही सासू दरसाल तिथं ओटी भरे. लेआउटवाले भाऊ मानूस चांगला, देवभोळा. म्हने, माय, देवीले घराच्या पायाखाली कसं घ्याचं. त्यानं बामन बोलावला, अन् सातही दगड वाजतगाजत लेआउटच्या गेटापाशी नेऊन टाइल्सच्या ओट्यावर बसवले. कुंकू म्याच लावलं. सगळ्यायले वाटलं, देवी हालली, झालं काम. थे तिथंच काहून बसली होती, हे काई कोनी इचारलं नाई.

काम सुरू होयाच्या आधी एक इंजिनेर पोरगी आली, अकोल्यातल्या जठारपेठेतली, वकिलाच्या घरची. इथं घरं झाली तं पावसाचं पानी कुठून जाईन, झाडं कोनती ठेवाची, हिरीचं काय होईन, हे आधी पाह्याचं तिचं काम. पन वैशाखाचं ऊन, जमिनीले हात जाईन अशा भेगा, पानी दिसन कुठं? फिरता फिरता गेटापाशी थांबली अन् मले म्हने, काकू, माझी आजी म्हणते आसरा पाण्यापाशीच बसतात, मग या पहिले कुठं होत्या?

आमचे हे तिथंच टाकलेल्या बाजीवरून नुसते माह्याकडं पाहून राह्यले. निंब दाखवला तं आपला प्लॉट जाईन, हे दोघायलेही उमगलं. तिकडं दूर धुऱ्याकडं बोट दाखवलं असतं तं कोनाले समजनार होतं? पन याच बोटानं देवीले कुंकू लावलं होतं, खोटं नाई दाखवलं गेलं माह्यानं. म्हनलं, चाल बाई, अन् नेऊन माह्याच प्लॉटावर उभी केली.

तिनं तिथं खड्डा खंदवला. वरतून ठनठनीत कोरडं, खाली ओल, अन् दिवस मावळेपावतो पानी पाझरून आलं. पोरगी म्हने, ही झिरी आहे काकू, नाल्याची जुनी वाट इथूनच जाते, हे बुजवलं तर पाणी मागच्या घरांत शिरेल, इथं बांधायचं नाही. लेआउटवाले भाऊ डोकं धरून बसले, आजूबाजूचेही प्लॉट जात होते, पन आयकलं त्यानं. घरी आल्यावर हे म्हने, बोललीच काहून तू? म्हनलं, तुमची माय ओटी भरे थे का नुसत्या दगडायची भरे? पन मी रडली त्या दिवशी, लपवाचं काय त्याच्यात.

आता मागच्या रांगंत राह्यतो आमी, भाऊनं बदल्यात देल्लेल्या प्लॉटावर. सैपाकघराले खिडकी हाय, पन मावळतीची. यंदा श्रावनात झडी लागली, पानी निंबाखालून आलं अन् नाल्याच्या वाटंनं गुमान निंघून गेलं, कोनाच्या पायरीले लागलं नाई. आसरा परत निंबाखाली बसवल्या आमी, ओटा नाई, टाइल नाई. थे पोरगी पाह्याले आल्ती, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हनलं, सुखी राय माय.

दुपारी खिडकीतून ऊन आत येते, आंगाची लाही होते, तवा मागच्या दारात येऊन निंबाकडं हात जोडते अन् म्हनते, बाई, तुही जागा तुले देल्ली, आता ह्या गल्लीतल्या लेकरायले कोरडं ठेव.