रुचिकाचा आवाज पुढे की मागे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मृणालीताई, व्यासपीठावरची कारखानदार मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते ध्वनिमुद्रक सादिकभाई, त्यांच्या पत्नी नाजनीनबाई, मुंबईहून मुद्दाम आलेले हितेशभाई, टेमघरचे आणि धामणकर नाक्यावरचे माझे जुने सोबती, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी मुलगी रुचिका. सगळ्यांना बाळारामचा नमस्कार.

नावांचा क्रम चुकला असेल तर आत्ताच सांगा. सकाळपासून घोकतोय, तरी धास्ती आहेच. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सगळी नोकरी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून केली, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. त्या कामात माझे कान गेले. कानात मशीन आहे, पण हॉलमध्ये ते फक्त पंखा ऐकवतं. मी फार जोरात बोलत असेन तर नाजनीनबाईंनी हात वर करावा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी आत्ताच केला. आभारी आहे.

खरं तर इथे रुचिकाने बोलायचं. सादिकभाईंनी तिचा पहिला अल्बम केला आणि शेवटचाही. पण तिच्या कंठाचं दोनदा ऑपरेशन झालं, आता नुसती हवा येते. ती ओठ हलवते आणि मी वाचतो. लूमच्या गोंगाटात आम्ही सगळे असेच बोलायचो, ओठ बघून. घरात तिचं बोलणं मलाच सगळ्यांत चांगलं कळतं. तिची आई कमळा म्हणते, "बहिऱ्याला ऐकू येतं नि मला न्हाय, काय हा न्याय हाय." म्हणून तिच्या जागी मी उभा आहे.

आणि एक काम राहिलं आहे, ते आधीच सांगतो, नाहीतर विसरेन. शेवटचा अल्बम दोन तऱ्हांनी तयार आहे. एकात रुचिकाचा आवाज पुढे आहे, एकात गिटारांच्या मागे. लोकांपुढे कुठला न्यायचा हे सादिकभाईंनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती तोंड फिरवते. तिने तोंड फिरवलं की मला काहीच कळत नाही. उद्या सादिकभाई कायमचे बंगळुरूला चालले. त्यांच्या स्टुडिओची शेड मालकाने गोदामाला दिली, मशीनं खोक्यांत भरून झाली. तिच्या शब्दाशिवाय ते अल्बमला हात लावणार नाहीत. आज येताना रिक्षात ती मला म्हणाली, "तुम्ही बोला. शेवटी मी सांगते." म्हणून मी बोलतोय, आणि मधेमधे तिच्याकडे बघतोय. तुम्हाला ते विचित्र वाटेल, पण चालवून घ्या.

आता पुढे आणि मागे म्हणजे काय? गाणं काय गाडी आहे? मलाही हाच प्रश्न पडला होता. सादिकभाईंनी मला नाक्यावर चहाला नेलं. टेबलावर चहावाल्याची किटली ठेवली आणि तिच्यामागे ग्लास. "काका, किटली म्हणजे गिटार आणि ड्रम. ग्लास म्हणजे रुचिका. गाणारी तीच, गाणंही तेच. पण ग्लास कुठे ठेवायचा ते मी ठरवतो, आणि त्यावर सगळं बदलतं." चहावाला म्हणाला, ठरवा लवकर, किटली पाहिजे.

रुचिका हेवी रॉक गाते. गायची. आमच्या घरात कोणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कमळाने मला खुणेने विचारलं, पोर गाते हाय का भांडते हाय? मी काय सांगणार? मला दोन्ही सारखंच.

पहिला अल्बम 'शुक्रवार'. शुक्रवारी कारखाने बंद असतात, म्हणून ते नाव. सादिकभाईंनी बंद लूमच्या मधोमध, पत्र्याखाली एकच माइक टांगला. ड्रमवाला एका टोकाला, रुचिका दुसऱ्या टोकाला, सगळ्यांनी एकदमच वाजवायचं आणि गायचं. एक चुकला की सगळे पहिल्यापासून. त्यामुळे चुकलं तरी कोणी थांबेना. गाणी लांबलचक झाली, आणि शेवटी शेवटी तिचा दम लागलेला ऐकू येतो म्हणतात. एका गाण्यात पत्र्यावरचं कबुतरही आहे. कोणीतरी लिहिलं की बाई विहिरीतून ओरडते आहे असं वाटतं. मी घाबरलो, मला वाटलं नावं ठेवली. सादिकभाई म्हणाले, नाही काका, चांगलं म्हटलंय. मी मशीन लावून ऐकलं. मला पत्रा ऐकू आला. मुलगी नाही ऐकू आली.

दुसरा अल्बम 'उजेड', हितेशभाईंनी केला. हितेशभाई, तुम्ही मागच्या रांगेत का बसलात? पुढे खुर्च्या आहेत. असो. त्यांच्या स्टुडिओत भिंतींना गाद्या लावलेल्या. रुचिका एकटी काचेच्या खोलीत, गिटारवाले आधीच वाजवून घरी गेलेले. ती एकेक ओळ गायची, पुन्हा गायची. त्यातला चांगला तुकडा उचलायचा, सूर सरळ करायचा, मधला श्वास कापून टाकायचा. मग तिच्याच आवाजावर तिचाच आवाज, असे चार थर. चार रुचिका एका वेळी. गाणी आखूड झाली, नीटनेटकी झाली आणि गावोगाव गेली. माझ्या भाच्याच्या लग्नातसुद्धा वाजली.

मी आजवर कुणाला बोललो नाही, पण आज निरोपाचा दिवस आहे, सांगतो. हितेशभाईंनी त्यांचा मोठा हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि मी माझ्या मुलीला ऐकलं. पहिल्यांदा. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. शब्द न् शब्द. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी कंटाळा न करता पुन्हा लावलं. हितेशभाई, त्याबद्दल मी तुमचे उपकार मानतो.

घरी आल्यावर मी रुचिकाला म्हटलं, हाच खरा. ती म्हणाली, "बाबा, त्यात मी श्वासच घेत न्हाय. मेलेली बाई गाते तशी गाते हाय." मला राग आला. इतकी मेहनत, इतकं नाव, आणि हे बोलणं?

पण पुढे स्टेजवर लोक तोच आवाज मागायला लागले. चौघींचा. आणि स्टेजवर ती एकटी. एका कंठातून चौघींचं काम काढायचं, दर शनिवारी, वेगवेगळ्या गावात. डॉक्टर म्हणतात, कंठ जायला असं एकच कारण कधी नसतं, आणि त्यांचं बरोबर असेल. मी हितेशभाईंना दोष देत नाही, सादिकभाईंनाही नाही. मी कुणालाच काही देत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं की आवाज परत यायचा नाही, तेव्हा कमळा रडली. मी डब्यातली भाकरी खाल्ली आणि हात धुतले. तेव्हापासून असंच आहे. लूमखाली आडवं पडून काम करताना हात मुंग्या येऊन मेल्यासारखा होतो ना, आपलाच हात उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसा मी आहे. आजसुद्धा मला वाईट वाटायला पाहिजे, सादिकभाई चाललेत. वाटेल बहुतेक, नंतर.

तिसरा अल्बम तिचा आवाज अर्धा गेल्यावर झाला. सादिकभाईंच्या शेडमध्ये. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि माइक इतका जवळ आणला की ओरडायलाच नको. गिटार ओरडतात, ती हळू गाते. मधेच आवाज फाटतो. आवाज पुढे ठेवला तर ते फाटणं सगळ्यांना ऐकू येणार. हितेशभाई म्हणतात, तेवढं दुरुस्त करता येतं, आणि मग त्यांची कंपनी तो अल्बम काढेल. मागे ठेवला तर कंपनी घेणार नाही, सादिकभाई आपल्या बळावर लोकांपर्यंत नेतील, जातील तितक्यांपर्यंत. यानंतर तिचा दुसरा अल्बम नाही. जो निघेल तोच राहणार.

तुम्ही विचाराल, बाळाराम, तुला काय वाटतं? मला कोणी विचारलेलं नाही. पुढचा आवाज मला मशीन लावून ऐकू येतो. मागचा येत नाही. यात मत कसलं?

एक आठवण सांगतो आणि थांबतो, नाजनीनबाई घड्याळ बघताहेत. रुचिका शाळेत होती तेव्हा माझा डबा घेऊन कारखान्यात यायची. आम्ही सगळे कामात, लूम चालू, सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटताहेत, माणसाला माणूस ऐकू येत नाही. ती दोन ओळींच्या मधल्या वाटेत उभी राहायची आणि तिचं तोंड हलायचं. मी लूमखालून बघायचो. एकदा विचारलं, कोणाशी बोलतेस? म्हणाली, बोलत नाही, गाते. घरी का गात नाहीस? तर म्हणाली, घरी ऐकू जातं. इथं कितीही मोठ्याने गायलं तरी कुणी बघत नाही. मी बघतोय हे मी तिला सांगितलं नाही. गाणं मात्र मला पाठ झालं, ओठांवरून.

झालं. माझं संपलं. रुचिका, आता तू सांग. बस, उठू नकोस. इकडे बघ.

हो.

पुन्हा एकदा सांग, घाई नाही.

बरं. ती म्हणते आहे, "मागे ठेवा. लूमच्या आवाजात होते तशी."

मी बरोबर वाचलं की नाही याची खात्री करून घेतो, कारण माझ्यावर माझाच भरवसा नाही. तिसऱ्या रांगेत नवशा बसलाय, आम्ही एकाच कारखान्यात होतो, त्यालाही ओठ वाचता येतात. नवशा, बरोबर? मान हलवतोय. म्हणजे बरोबर.

थांबा, ती अजून काही म्हणते आहे.

"बाबा, तुम्ही बघितलंय सगळं."

हे तुमच्यासाठी नव्हतं, पण नवशाने वाचलंच आहे, तर सगळ्यांना कळलेलं बरं.

सादिकभाई, उत्तर मिळालं. हा इथे पाण्याचा जग आहे आणि हा माझा ग्लास. तुम्ही दाखवलंत तसाच मी तो जगाच्या मागे ठेवतो. मला इथून दिसत नाही. राहू दे तिथेच. बंगळुरूला गेल्यावर कोणी सांगितलं, जरा पुढे घ्या, तर घेऊ नका. हितेशभाई, तुम्ही इतक्या लांब आलात, जेवल्याशिवाय जाऊ नका.

मृणालीताईंनी मला इतका वेळ बोलू दिलं, मंडळींनी ऐकून घेतलं, सादिकभाईंनी माझ्या मुलीला दोनदा जपलं, नाजनीनबाईंनी हात वर करून करून दुखवून घेतला, या सगळ्यांचे आभार. मला माझा आवाज ऐकू येत नाही. कुठे ओरडलो असेन, कुठे पुटपुटलो असेन, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर म्हातारा समजून पदरात घ्या.

घसा कोरडा पडलाय. पण ग्लास मागे ठेवलाय, पाणी खाली उतरून पितो.