सीताफळाखालची माती

हॅलो? … हॅलो, डिंपल? तू होय का वो! … नाही, नाही, कामात नाही. हात मातीचे आहेत, फोन खांद्यानं दाबून धरला… बोल ना. बावीस दिवसानं फोन केला तू.

… जेवलो. … भात अन् वांग्याची भाजी. … मीनंच रांधली, दुसरं कोण रांधते इथं?

अवो, ऐक ना. तू म्हणाली होती, त्या घरात पाय टाकावासा नाही वाटत, जिकडं पाहिलं तिकडं रिंकी दिसते… हो… हो, मलेही दिसते. दीड महिन्याची पोरगी, पण घर भरून होती. म्हणून तर सांगून राहिलो, घरामागची बाडी मीनं अख्खी बदलून टाकली! … फुकटच्या बाता नाही वो! तू मोबाईलवर दाखवली नव्हती का, गोट्यायची टेकडी, मधातून पाणी पडते? तशीच केली. नाल्यातले गोटे बोरीत भरून गाडीवर आणले. सब्बल अन् घमेलं, बस. मजूर एक नाही लावला. … पाणी? जुन्या कूलरची मोटर बसवली. काल पहिल्यांदा पाणी पडलं अन् मी एकटाच रडत बसलो. दाखवू कोणाले?

… खरंच येते? … रविवारी? अवो, मी येतो ना न्यायले, पार दवनीवाड्यापर्यंत येतो! पिशवी भरून ठेव फक्त.

… कोणता गोटा? … सीताफळाखालचा? काळा, चपटा? तो तर एकदम वर लावला! तसा गोटा नाल्यातही सापडला नाही. … जागा? जागा कायले पायजे तुले? सीताफळाभोवती सारं खोदलं, हातभर. माती चाळून घेतली…

ओरडते काऊन? … काय होतं तिथं? … हळू बोल, समजून नाही राहिलं. … कोणाची नाळ?

… रिंकीची.

… बेंबीची, सुकून पडली होती ते. … तू गाडली? कधी? … मी जंगलात ड्युटीवर होतो तेव्हा? तुझ्या आईसंगं? … बाप्या माणसायले सांगत नसतेत, हे कोण म्हणालं? … आई म्हणाली. अवो, सांगायचं ना! निदान ती गेल्यावर तरी सांगायचं. मी तिचा बाप होतो ना वो…

नाही, तुझी चूक नाही. नाही म्हणतो ना! … रडू नको. शोधतो. टेकडी पाडतो, आताच पाडतो. माती बाडीतच आहे, कुठी नाही गेली. पुन्हा चाळतो, बोटानं चाळतो. सांग, कशात बांधली होती?

… पिवळ्या चिंधीत?

… हो, इथंच आहो. ऐकून राहिलो.

… गाठ मारलेली… सुपारीएवढी. … दिसली होती, डिंपल. … आता नाही. बुधवारी, चाळताना. … मले वाटलं, कोणी करणी करून गाडलं. वाटलं, यानंच माझी पोरगी नेली. … नाही, सोडून नाही पाहिली, भेव वाटलं. … रॉकेल टाकलं अन् काडी लावली. … थुंकलो वर. शिव्या दिल्या. सारा मोहल्ला ऐकत होता, इतक्या दिल्या…

… बोल ना काही. … डिंपल? … मले शिव्या दे, पण बोल. … हॅलो?

… कोण? आई? … पाया पडतो, आई. … मीच बोलून राहिलो. ती कुठी गेली? … फोन टाकून? … नाही आई, भांडण नाही झालं. … वाईट-वंगाळ काही बोललो नाही तिले. तिलेच विचारा, माझ्या तोंडून पुन्हा नाही निघत ते. … रविवारचं? रविवारचं राहू द्या. तुम्ही जा, तिच्यापाशी बसा.

… अन् तिले सांगा, मले माहीत नव्हतं. … हो, तिलेही माहीत आहे ते. तरी सांगा, आई. … ठेवतो.